दहावीला 55-60 टक्के: सायन्सचा हट्ट, आयटीआयची लाज, आणि शाळेने नववीतच काय करावं?

मास्तर_परंडा

नमस्कार. तालुक्याच्या गावातली अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा आहे. दहावीची निम्मी मुलं 50 ते 65 टक्क्यांत असतात. निकाल लागला की बहुतेक पालक अकरावी सायन्सच्या मागे. "आयटीआय म्हणजे नापासांचं" हे घरात ठरलेलंच. त्यातली बरीच मुलं बारावीनंतर आयटीआयचाच फॉर्म भरताना दिसतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मशीन-इलेक्ट्रिकलकडे ओढा असलेल्या मुलांसाठी सायन्स, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि आयटीआय यांचा वर्षांचा हिशेब नेमका कसा बसतो? दोन, आयटीआयचा ट्रेड, म्हणजे कुठलं काम शिकायचं ते, निवडताना काय बघायचं? तीन, आठवी-नववीला आठवड्याला दोन तासिका आणि थोडा निधी मिळाला तर शाळेने काय शिकवावं? करिअर मार्गदर्शनाचं व्याख्यान ठेवा असं कृपया सांगू नका, ते दरवर्षी होतं आणि टाळ्या वाजवून मुलं घरी जातात.

---

फिटर_निदेशक

आधी हिशेब. सगळं दहावीनंतर मोजतोय.

आयटीआय दोन वर्षं (फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन) आणि एक वर्ष अप्रेंटिसशिप (कंपनीतली उमेदवारी): तीन वर्षांत मुलगा हातात दोन प्रमाणपत्रं घेऊन उभा. तोच मुलगा बारावी करून आला तर पाच वर्षं. आणि इथे पालक फसतात: राज्यातल्या आयटीआय प्रवेशाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. बारावी झालीय म्हणून वरचा नंबर लागत नाही. बारावी वाया जाते असं नाही, पण फिटरच्या बाकावर त्या दोन वर्षांचा भाव शून्य.

डिप्लोमा थेट केला तर तीन वर्षं. आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलं तर 2 + 2, म्हणजे चार. बारावी सायन्सवरूनही थेट दुसरं वर्ष मिळतं, तेही चारच. फरक एवढाच, की चार वर्षांच्या शेवटी एकाकडे डिप्लोमासोबत ट्रेडचं प्रमाणपत्र असतं आणि दुसऱ्याकडे बारावीची गुणपत्रिका. पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहेच. दहावी, डिप्लोमा, डिग्री असं गेलं तरी सहा वर्षं आणि बारावी-सीईटीवरून गेलं तरी सहाच. "डिप्लोमाने एक वर्ष जास्त जातं" हे गावोगाव ऐकू येतं, ते खरं नाही.

आता ट्रेड. आधी ट्रेड ठरवा, मग संस्था. राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत, घराजवळच्या संस्थेत "जे मिळेल ते" घेण्याची गरज नसते. ऑनलाइन फॉर्ममध्ये संस्था आणि ट्रेड अशी जोडी भरायची असते. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तरीही सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट) पहिल्या नंबरला टाकतात, कारण त्यात "कॉम्प्युटर" आहे. कोपा एक वर्षाचा आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलट भरतीत जे ट्रेड चालतात त्यात तो नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, टर्नर, मशिनिस्ट आहेत. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्री (वायरमन) लागतो.

खासगी आयटीआय असेल तर दोन प्रश्न विचारा: या ट्रेडच्या या युनिटला (तुकडीला) डीजीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, संलग्नता आहे का, आणि वर्कशॉप आत्ता बघता येईल का. वर्कशॉपला कुलूप आणि "साहेब बाहेर गेलेत" असं उत्तर आलं तर तिथून निघा. शासकीय संस्थेत विचारा की त्या ट्रेडची डीएसटी (संस्था आणि कंपनी मिळून शिकवतात ती) बॅच आहे का. असेल तर प्रशिक्षणाचा काही काळ कंपनीत जातो.

नापास हा शब्द राहिलाच. दहावी नापासांना घेणारे थोडे ट्रेड आहेत, पण इलेक्ट्रिशियनला दहावीचं विज्ञान आणि गणित लागतं. चांगल्या शासकीय संस्थेत इलेक्ट्रिशियनचा कट-ऑफ बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांच्या सायन्सपेक्षा वर असतो. पालकसभेत मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी भिंतीला लावा, बाकी बोलावं लागणार नाही.

---

पॉलीवाली_रेषा

फिटर_निदेशक यांचा हिशेब बरोबर आहे, पण थेट दुसऱ्या वर्षाची दुसरी बाजू सांगते. आयटीआयवरून येणारी मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पुढे असतात आणि तिसऱ्या सत्रातल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला अडकतात. कारण सरळ आहे: डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं बेसिक आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स त्यांनी केलेलंच नसतं. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन कधी पाहिलेलं नाही आणि वर्गात ते "आलंच असेल" असं धरून चालतात. उपाय म्हणजे आयटीआयची परीक्षा संपल्यापासून डिप्लोमा सुरू होईपर्यंतच्या मधल्या आठवड्यांत पहिल्या वर्षाची ही दोन पुस्तकं रोज तासभर. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, मग डेरिव्हेटिव्ह, या क्रमाने. त्या काळात मुलं ठेकेदाराकडे कामाला लागतात आणि हे राहून जातं.

थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्या 55 टक्केवाल्यांचं घोडं भाषेत अडतं. दहावीपर्यंत "बल", "संवेग", "रोध" शिकलेलं, इथे फोर्स, मोमेंटम, रेझिस्टन्स. डिप्लोमाच्या तंत्रशिक्षण मंडळाने मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकण्याचा पर्याय दिला आहे, पण पुस्तकं आणि तोंडी परीक्षा यांचा बराच भाग इंग्रजीतच चालतो. नववी-दहावीच्या विज्ञानात प्रत्येक धड्याच्या शेवटी 15-20 शब्दांची मराठी-इंग्रजी जोडी फळ्यावर लिहिली तर पॉलिटेक्निकचं पहिलं सत्र निम्मं हलकं होतं. याला निधी लागत नाही.

फीबद्दल: राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते. "थेट या, सीट देतो" म्हणणाऱ्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ती गेली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला आणि लागत असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर निकालाआधी काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर झुंबड असते.

---

टूलरूम_चाकण

कंपनीच्या बाजूने. अप्रेंटिस निवडताना टक्के फक्त चाळणीला. मग टेबलावर तीन वस्तू असतात: एक ड्रॉइंग, एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), एक टर्न केलेला जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला भाग. जॉबचा व्यास मोजून सांग, ड्रॉइंगवर तो कुठला आहे दाखव, टॉलरन्समध्ये (माप जेवढं कमी-जास्त चालतं त्या मर्यादेत) आहे का बोल. त्यानंतर एखादा प्रश्न: एम-8 च्या टॅपला, म्हणजे 8 मिमी बोल्टचे आटे भोकात पाडायला, आधी ड्रिल किती? पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1.25, म्हणून 8 वजा 1.25, म्हणजे 6.75, बाजारात 6.8 चं ड्रिल मिळतं, तेच वापरतात. पाठ केलेला मुलगा 6.8 सांगतो आणि एम-10 विचारलं की गप्प होतो. समजलेला मुलगा पिच विचारतो (1.5), वजाबाकी करतो आणि 8.5 सांगतो. आम्हाला दुसरा हवा असतो.

यातलं बरंचसं दहावीचंच गणित आहे. टेपर टर्निंगला (लेथवर निमुळता भाग काढायला) हत्यार धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशात फिरवायची? मोठा व्यास 40, छोटा 30, लांबी 100. टॅन अल्फा = (40 − 30) ÷ (2 × 100) = 0.05, कोन साधारण 2 अंश 52 मिनिटं. "त्रिकोणमिती आयुष्यात कुठे लागते?" म्हणणाऱ्या वर्गाला हे उदाहरण द्या. हमखास चूक म्हणजे 2 ने भागायला विसरणं. मग कोन दुप्पट येतो आणि जॉब भंगारात.

आता अप्रेंटिसचा कायदा, कारण इथे मुलं नाडली जातात. अप्रेंटिसशिपचा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असतो, त्याला क्रमांक असतो आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. विद्यावेतनाची किमान रक्कम नियमात ठरलेली आहे, 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिना 7,000 रुपये होती. घेताना चालू दर पोर्टलवर बघा. गेटवर ठेकेदार "ट्रेनी" म्हणून दोन-तीन हजार जास्त देऊन उचलतो. मुलगा त्या पैशाला भुलतो, वर्षभर एकाच प्रेस मशीनवर बटण दाबतो आणि शेवटी हातात काही कागद नाही. विचारायचं एकच: करार क्रमांक काय?

जर्मनीतल्या दुहेरी पद्धतीबद्दल हल्ली फार बोललं जातं. तिथे मुलगा आधी कंपनीशी करार करतो, मग आठवड्यात एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. आपल्याकडे आधी संस्था आणि मग कंपनी शोधायची. म्हणून आपल्या मुलाला पहिला खरा जॉब फार उशिरा दिसतो. दोष मुलाचा नाही.

---

मास्तर_परंडा

सर्वांचे आभार, कट-ऑफ यादीची कल्पना लगेच उचलतो. मुलींबद्दल कोणी लिहील का? पालक शिवण किंवा ब्युटीपार्लरच्या पलीकडे ऐकत नाहीत. आणि तिसरा प्रश्न अजून बाकी आहे.

---

फिटर_निदेशक

मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात आणि फिटर-मशिनिस्टला त्या भरतच नाहीत, म्हणजे कमी गुणांवर चांगला ट्रेड मिळतो. पालकांना "फिटर" म्हटलं की घण दिसतो. त्यांच्याशी इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि ड्राफ्ट्समन मेकॅनिकल इथून बोलायला सुरुवात करा. हार्नेस (गाडीतल्या वायरींचे जुडगे), पॅनेल वायरिंग, असेंब्ली, क्वालिटी या विभागांत मुलींना मागणी आहे. पालकांचा खरा प्रश्न ट्रेडचा नसतो, एसटीच्या वेळेचा आणि वसतिगृहाचा असतो. तो आधी सोडवा. संस्थेला मुलींचं वसतिगृह आहे का, शेवटची गाडी किती वाजता, हे तुम्हीच विचारून ठेवा.

---

हातोडी

तिसरा प्रश्न. नवीन काही शोधू नका. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने हे कधीचं बसवलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे काम सुरू केलं. "मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख" हा आठवी ते दहावीचा विषय तिथून निघाला: आठवड्यातला एक दिवस, चार विभाग (अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन). मुलं गावाला लागणारी कामं करतात आणि हिशेब ठेवतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत, तेवढ्यावर सुरुवात होते.

दोन तासिकांत करण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली मोजमाप. 25 मिमी व्यासाचा गोल बार, 0.02 मिमी लघुतम मापाचा व्हर्नियर. दहा मुलं एकामागून एक मोजतील, चिठ्ठीवर लिहून घडी घालतील, मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आकड्यांत 0.1 पेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधायचं: जबडे बंद करून शून्य बघितलं नाही, जबडे बारवर तिरके बसले, की अंगठ्याने जास्त दाबलं. विज्ञानाच्या 20 गुणांच्या प्रात्यक्षिकात वही पूर्ण असली की गुण मिळतात, म्हणून मुलाला चुकीचं माप कधी भेटतच नाही. इथे ते भेटतं.

दुसरी ड्रॉइंग. वर्गातला बाक मोजायचा आणि 1:10 प्रमाणात समोरून, वरून, बाजूने काढायचा. आपल्याकडे प्रथम कोन पद्धत, म्हणजे वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. मुलं हमखास वर काढतात. तुमच्या कला शिक्षकांना बरोबर घ्या. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत घनभूमिती असतेच. पण ती परीक्षा दहावीत ए ग्रेडच्या 7 आणि बी ग्रेडच्या 5 वाढीव गुणांसाठी दिली जाते आणि निकालानंतर ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर जातो. तीच घनभूमिती पुढे टूलरूममधल्या टेबलावर येते, हे कोणी सांगत नाही.

तिसरी एक्स्टेंशन बोर्ड. 6 अँपिअरचे दोन सॉकेट, एक स्विच, एक इंडिकेटर, 1.5 चौरस मिमीची तीन पदरी केबल, तीन पिनी टॉप. बघायच्या चुका ठरलेल्या: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतला (दिवा बंद होतो, पण सॉकेट जिवंत राहतं), इन्सुलेशन सोलताना अर्धे तंतू कापले (तिथेच केबल तापते), टॉपमध्ये केबलची पकड न कसता नुसते स्क्रू आवळले, किंवा "लागत नाही" म्हणून अर्थची वायर छाटली. आधी बोर्डाचा स्विच चालू ठेवून मल्टिमीटरने कंटिन्युइटी (वायर सलग जोडलेली आहे का): फेज ते फेज, न्यूट्रल ते न्यूट्रल, अर्थ ते अर्थ लागलं पाहिजे, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थमध्ये काही लागता कामा नये.  मगच सप्लाय, तोही 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (करंट गळला की सप्लाय तोडणारं सुरक्षेचं उपकरण) आणि शिक्षक समोर उभे असताना. शाळेत आरसीसीबी नसेल तर निधीतला पहिला खर्च तोच करा, ती बसेपर्यंत हा प्रयोग सेल आणि बल्बवर भागवा.

नववीच्या शेवटी प्रत्येक मुलाची एक पानाची नोंद करा: माप किती चुकलं, ड्रॉइंग एकट्याने निघालं का, बोर्ड कितव्या तपासणीला पास झाला. मध्यंतरी दहावीला कल चाचणी व्हायची, त्यात मुलाला काय आवडतं ते कळायचं. या पानावर त्याला काय जमतं ते असतं. दहावीच्या निकालाच्या दिवशी पालकांसमोर गुणपत्रिकेशेजारी ते ठेवा.

---

पॉलीवाली_रेषा

हातोडी, बाकाच्या ड्रॉइंगमध्ये एक भर: मापं लिहायला मुलांना मिलिमीटर लावा, सेंटीमीटर नको. पहिल्या सत्रात "45" लिहिलेलं दिसतं आणि विचारावं लागतं, कशात?