२००० नंतरच्या म्युझिकलमध्ये चाल उरलीच नाही म्हणे!

विंगेतला:
सदूभाऊंनी परवा जे लिहिलं ते वाचून गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २००० नंतर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या बड्या थिएटरांत, चाल मेली, जुने सिनेमे आणि जुनी पॉप गाणी गरम करून वाढणं एवढंच उरलं, आणि त्या अख्ख्या दशकात एक 'विकेड' सोडलं तर ऐकण्याजोगं काही नाही. वर 'माझं आव्हान आहे'.

घ्या, स्वीकारलं. सिनेमे गरम करतात हे मान्यच आहे. 'द प्रोड्यूसर्स' २००१, 'हेअरस्प्रे' २००२. अ‍ॅबा या स्वीडिश बँडच्या जुन्या गाण्यांवर रचलेलं 'मामा मिया' २००१ मध्ये न्यूयॉर्कला आलं आणि नवा संगीतकार न घेताही थिएटर भरतं हे निर्मात्यांना कळलं. पण त्याच काळात 'द लाइट इन द पियाझा' आलं (२००५), ते सदूभाऊंनी ऐकलंय का? संगीतकार अ‍ॅडम गेटल, म्हणजे रिचर्ड रॉजर्सचा सख्खा नातू. 'साउंड ऑफ म्युझिक'वाल्या आजोबांची गादी आयती मिळत होती, पण पठ्ठ्याने त्या वाटेला जायचंच नाकारलं. फ्लॉरेन्सचा पोरगा अमेरिकन मुलीच्या प्रेमात पडतो आणि पहिलं मोठं गाणं चक्क इटालियनमध्ये गातो. अर्थ समजावून सांगायच्या भानगडीत कुणी पडत नाही, आणि गरजही पडत नाही. पुढे 'से इट समहाऊ'मध्ये दोघांची भाषा संपते आणि नुसता 'आ'कार उरतो. आता सम येणार असं वाटावं तिथे गाणं हुलकावणी देऊन पुढे सरकतं. आलापावर वाढलेल्या माणसाला हे कळत नसेल तर काय बोलणार!

दुसरं, 'कॅरोलाइन, ऑर चेंज'. १९६३ चं लुइझियाना, एका ज्यू कुटुंबाच्या तळघरात कपडे धुणारी काळी मोलकरीण. वॉशिंग मशीन गातं, ड्रायर गातो, रेडिओ म्हणजे मोटाउन (काळ्या कलाकारांचं साठीतलं अमेरिकन पॉप) थाटात गाणाऱ्या तिघीजणी. केनेडी गेल्याची बातमी घेऊन बस येते आणि तीही गाते. कागदावर वाचलं तर बालनाट्य वाटेल. पण जनीन टेसोरीने ब्लूज, गॉस्पेल, ज्यूंचं लग्नातलं क्लेझ्मर असं सगळं एका तळघरात कोंबलंय आणि सांधा कुठे दिसत नाही. शेवटाकडचं 'लॉट्स वाइफ' ऐकून मी कितीतरी वेळ दुसरं काही लावू शकलो नव्हतो.

आणि जेसन रॉबर्ट ब्राऊनचं 'द लास्ट फाइव्ह इयर्स': नवरा लग्नाची गोष्ट सुरुवातीपासून पुढे सांगत जातो, बायको शेवटाकडून मागे, मधे लग्नात एकदाच भेटतात. सहा वादक. बास.

जाता जाता. 'विकेड'मधली ती 'अनलिमिटेड' सुरावट आहे ना? तिचे पहिले सात स्वर 'विझर्ड ऑफ ऑझ' सिनेमातल्या 'ओव्हर द रेनबो'चे आहेत, नुसती लय बदललेली. खुद्द 'विकेड'चा संगीतकार स्टीफन श्वार्ट्झने सांगितलंय. म्हणजे सदूभाऊंना या शतकात आवडलेली एकमेव चालही निघाली १९३९ ची!

जर्सीकरीण:
विंगेतले, बाकी ठीक होतं, शेवटचा टोमणा अंगाशी आलाय. श्वार्ट्झने ते मुद्दाम केलंय, कारण गोष्टच ऑझची. आणि सात स्वर घेतले तर एवढा आरडाओरडा? आपली निम्मी नाट्यपदं कुठल्या कुठल्या बंदिशींवरून उचललीत ते काढायचं का इथे?

सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांना गर्श्विन थिएटरला 'विकेड' दाखवायला घेऊन गेले होते. इंग्रजी यथातथाच. पहिल्या अंकाच्या शेवटी 'डिफाइंग ग्रॅव्हिटी', ती हिरवी बाई, म्हणजे ऑझची चेटकीण, हवेत जाते, खाली धूर, सगळं थिएटर ओरडतंय. मध्यंतरात सासूबाई म्हणाल्या, "बाई वर गेली तरी सूर नाही हो खाली आला." याच्यापेक्षा चांगलं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही. तुमचं 'पियाझा' मीही पाहिलंय लिंकन सेंटरला. सुंदर आहे. बाहेर आल्यावर एक ओळ गुणगुणता येईल तर शपथ.

सदूभाऊ रोखठोक:
मला वाटलंच होतं कुणीतरी 'पियाझा' काढणार. पुस्तकी लोकांचं लाडकं. आकडे बघा: 'पियाझा' ५०४ प्रयोग. तुमची ती कॅरोलाइन ब्रॉडवेवर १३६. 'लास्ट फाइव्ह इयर्स' न्यूयॉर्कला २००२ मध्ये आलं आणि दोन महिन्यांत गुंडाळलं. 'विकेड' ऑक्टोबर २००३ पासून चालूच आहे. लोक वेडे आहेत का? 'आ'कारच ऐकायचा तर मी डिसेंबरात सवाईला बसेन, शाल घेऊन. त्यासाठी डॉलर मोजून इटलीचा पडदा कशाला बघू?

विंगेतला:
प्रयोगसंख्येवरच ठरवायचं असेल तर चर्चा कशाला, बुकिंगच्या खिडकीवरच्या माणसाला विचारू. २००४ ला 'विकेड'ला हरवून टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सर्वांत मानाचं बक्षीस, कुणी नेलं? 'अ‍ॅव्हेन्यू क्यू'ने. हातात बाहुल्या घेऊन गाणाऱ्यांनी. संगीताचाही, सर्वोत्कृष्ट म्युझिकलचाही. आता बोला.

सदूभाऊ रोखठोक:
बक्षिसांवर ठरवायचं असेल तर मग बुकिंगच्या खिडकीनेच काय घोडं मारलंय?

पेटीमास्तर:
चाल, चाल, काय लावलंय मघापासून. त्या दशकातली खरी घटना कुणाच्या लक्षातही नाही. मार्च २००३. ब्रॉडवेचे वादक संपावर गेले. मोठ्या थिएटरांत किमान २४ ते २६ वादक ठेवायचे असा करार होता, निर्मात्यांना ती अटच नको होती. संप झाला तर संगणकावरच्या वाद्यवृंदावर प्रयोग करू म्हणून तयारीही करून ठेवलेली. पण नट आणि रंगमंच कामगार वादकांची फळी ओलांडून आत जाईनात. १८ म्युझिकल चार दिवस बंद. शेवटी तडजोड झाली ती १८-१९ वादकांवर. म्हणजे जिंकले म्हणायचं आणि सात माणसं घरी पाठवायची. तुमच्या त्या सहा वादकांच्या नाटकाचं कौतुक करताना हे ध्यानात ठेवा. एकाला सौंदर्यदृष्टी सुचते तिथे दुसऱ्याचा पगार वाचतो.

आपल्याकडचं सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. एका जुन्या संगीत नाटकाच्या प्रयोगाला तिकीट काढून गेलो होतो. ऑर्गन नाही, तबला नाही, समोर एक लॅपटॉप. नायकाला सर्दी, नांदीलाच कळत होतं. मी असतो तर पडदा उघडायच्या आधी विचारलं असतं, "आज काळी एक घेऊ या का?" पट्टी उतरवली असती, प्रेक्षकांना पत्ता लागला नसता. ट्रॅक काळी दोनचा. त्याला सर्दी होत नाही. तार षड्जाला बिचाऱ्याचा आवाज फाटला. टाळी पडली ती कणवेची. त्यात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी सवयीने "वन्स मोअर!" लावला. लॅपटॉपवाल्या पोराने घाबरून भलतंच काही दाबलं आणि पहिल्या अंकात भैरवी सुरू झाली. नायिका अजून वयात यायची होती, हो!

टेम्सकाठचा:
मास्तर, किस्सा झकास, निष्कर्ष चुकीचा. ट्रॅक नसता तर तो प्रयोग लागलाच नसता. ऑर्गनवाला, तबलजी, व्हायोलिन, त्यांचा प्रवास, मुक्काम, नाइट (दर प्रयोगाचं मानधन). हिशेब कधी केलाय? आणि काही संगीत स्टुडिओतच घडतं. मी २००२ मध्ये इथे लंडनला अपोलो व्हिक्टोरिया थिएटरात 'बॉम्बे ड्रीम्स' पाहिलं. रहमान. कारंज्यात भिजत 'शकालका बेबी', आजूबाजूला गोरे लोक खुर्चीत डोलतायत. त्या आवाजाचा पोत पंचवीस व्हायोलिनवाले बसवून मिळत नसतो. माझ्या मते त्या दशकातला सर्वांत ताजा स्कोअर, म्हणजे नाटकाचं संगीत, तोच, आणि आपल्या एकाही माणसाने इथे त्याचं नाव काढू नये याची लाज वाटते.

कट्ट्यावरचा:
काका, 'शकालका बेबी' आधी सिनेमात होतं. 'छैया छैया' 'दिल से'चं, १९९८. म्हणजे हेही गरम करून वाढलेलंच की.

टेम्सकाठचा:
'जर्नी होम' नवं होतं. 'सलाम बॉम्बे' नवं होतं. पूर्ण ऐकून बोलत जा.

जर्सीकरीण:
ते २००४ मध्ये इथे ब्रॉडवेवर आलं आणि १ जानेवारी २००५ ला शेवटचा प्रयोग झाला. माझ्या ऑफिसातल्या सगळ्या भारतीयांनी पाहिलं आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "बरं होतं ना?" आणि तुमच्या अपोलो व्हिक्टोरियात २००६ पासून काय चालू आहे? 'विकेड'. नुसतं सांगितलं.

पेटीमास्तर:
टेम्सकाठचे, नाइटचा हिशेब मला शिकवू नका. मी ती नाइट घेऊन पोरं शिकवलीत. निर्मात्याला नेपथ्याला पैसे असतात, जाहिरातीला असतात, आणि कात्री लागते ती कायम रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसणाऱ्या वादकाला. तिकडे तुमचे नट संपात वादकांबरोबर उभे राहिले. इकडे तो सर्दीवाला नायक प्रयोगानंतर मला म्हणतो, "मास्तर, ट्रॅक असला की कसं टेन्शन नसतं." काय बोलावं?

टेम्सकाठचा:
म्हणजे राग नायकावर आहे, ट्रॅकवर नाही. मग तसं लिहा ना. उगाच रहमानवर कशाला काढताय?

पेटीमास्तर:
रहमानचं नाव तुम्ही काढलंत. लंडनला बसून इथल्या वादकाचा मुक्कामाचा खर्च मोजणाऱ्याशी मला वाद घालायचा नाही.

टेम्सकाठचा:
लंडनचा काय संबंध? मी दादरलाच वाढलो, शिवाजी मंदिरच्या रांगेत उभा राहून.

विंगेतला:
मंडळी, विषय २००० नंतरचे स्कोअर हा होता...

कट्ट्यावरचा:
होता. मास्तर, तुम्ही 'स्प्रिंग अवेकनिंग' ऐकलंय का? २००६. १८९१ चं जर्मन नाटक, शाळेतली पोरं, कडक कॉलरचे कोट. मास्तर लॅटिन घोकून घेतोय, छडी आपटतोय, आणि एक पोरगा कोटाच्या आतल्या खिशातून हातातला माइक काढतो आणि रॉक सुरू. डंकन शीकचं संगीत. बोलताना १८९१, गाताना आज. गाण्याने गोष्ट पुढे सरकत नाही, ती त्या पोरांच्या डोक्यात चाललेली असते. जे कुणाला सांगता येत नाही ते. मी बारावीत असताना हेडफोनवर हेच लावून झोपायचो. तुम्हा सगळ्यांचं 'समेवर येणं' वगैरे चालू द्या, पण त्या वर्षी माझ्या घरात मला काय होतंय हे त्या सीडीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ५०४ आणि १३६ मला सांगू नका.

आणि 'इन द हाइट्स' कुणीच घेतलं नाही! २००८ चा टोनी. मिरांडाचा रॅप, साल्सा, दुकानात कॉफी देणारा नायक. तुम्ही सगळे पन्नाशीपुढचे दिसता.

सदूभाऊ रोखठोक:
रॅप ही चाल नव्हे. पुढचा.

जर्सीकरीण:
सदूभाऊ, पोवाड्याला तुम्ही काय म्हणता मग? शाहीर काय गद्य वाचतो का?

सदूभाऊ रोखठोक:
पोवाड्याला डफ असतो, जोश असतो, इतिहास असतो.

कट्ट्यावरचा:
ड्रम, जोश आणि वॉशिंग्टन हाइट्सचा, म्हणजे नाटकातल्या त्या न्यूयॉर्कच्या वस्तीचा, इतिहास. यादी जुळली.

पेटीमास्तर:
कोटाच्या खिशातून माइक? आमच्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर...

कट्ट्यावरचा:
थांबा मास्तर. त्या नाटकात बँड रंगमंचावरच बसतो. सगळ्यांना दिसेल असा, जिवंत. तुमच्याच पक्षातलं आहे ते.

पेटीमास्तर:
दिसतो? बरं. मग माइक माफ. एवढ्या एका नाटकापुरता. सवलत पुढे चालू राहणार नाही. आणि विंगेतले, तुमचं ते 'पियाझा', त्याला वाद्यरचनेचाही टोनी मिळालाय, तो आपण सांगितलाच नाहीत. हार्प, चेलो, खरी माणसं. बाजू मांडायला उभे राहिलात आणि हुकमाचा पत्ता खिशातच ठेवलात.

सदूभाऊ रोखठोक:
विंगेतल्यांच्या समाधानासाठी काल रात्री 'पियाझा' पूर्ण ऐकलं. निकाल: पहिला अर्धा तास मी चाल शोधत होतो. मग झोप लागली असती, पण शेवटी त्या मुलीची आई 'फेबल' गाते, ते जरा लागलं. श्रेय गायिकेचं, व्हिक्टोरिया क्लार्कचं. चालीचं नव्हे.

विंगेतला:
आणि गायिका काय गात होती, रेशनकार्ड?

सदूभाऊ रोखठोक:
ठीक आहे, एक गाणं तुमच्या खात्यात. एक 'विकेड' अधिक एक गाणं. दहा वर्षांचा हिशेब झाला. दिवाळं निघालं हे माझं म्हणणं कायम.

टेम्सकाठचा:
'बॉम्बे ड्रीम्स'ला अजूनही कुणी उत्तर दिलेलं नाही.

जर्सीकरीण:
दिलं की. "बरं होतं ना?"

विंगेतला:
मास्तर, ट्रॅक आणि वादकांसाठी नवा धागा काढता का? इथे आता कॅरोलाइनवर एकही माणूस बोलायला तयार नाही.

पेटीमास्तर:
नवा धागा काढणार नाही. तिथे कुणी येत नाही. इथेच बोलणार. तर ऑर्गनचा भाता पायाने मारतात त्याचं सांगायचं राहिलं. नट वाक्य विसरला की भाता किती वेळ धरून ठेवायचा याचं एक गणित असतं, ते कुठल्या लॅपटॉपला येतं ते मला दाखवा...