चिमणी: साधी घ्यावी की महागडी?

स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि चिमणीपाशी येऊन अडलेय. एक साधी बघितली: बटणांची, बॅफल फिल्टरची (म्हणजे तेल अडवणारी वळणदार पट्ट्यांची जाळी), ताशी ९०० घनमीटर सक्शनची, ६० सेंटीमीटर रुंद. दुसरी तिच्या तिप्पट किमतीची: हात हलवला की चालू होणारी, ऑटो क्लीन, १४०० घनमीटर. खोली ३ बाय २.५ मीटर, उंची २.७. शेगडी ७५ सेंटीमीटरची. तळण बऱ्यापैकी असतं. आईला दमा आहे, म्हणून धूर खरोखर बाहेर जायला हवा. वापरणाऱ्यांनी सांगा ना.

———

आईंसाठी घेताय, म्हणून सविस्तर लिहितो. पाइप कुठून जाणार ते आधी सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

माझी पहिली चिमणी महागातलीच होती. बसवणाऱ्याने कपाट चुकवायला पाइप तीनदा वळवला आणि शेवटी १५० मिलिमीटरचा १२५ वर आणला. एवढ्यानेच हवेची वाट जवळजवळ एक तृतीयांश घटते. दोन वर्षं आवाज घरभर आणि धूर डोळ्यांत. शेवटी पाइप उतरवला, तर मधल्या झोळात वाटीभर पिवळं, चिकट तेल साचलेलं. गुळगुळीत पाइप सरळ भिंतीबाहेर काढला आणि तीच चिमणी मधल्या स्पीडवर पुरायला लागली.

आता आकडे. तुमच्या खोलीत २० घनमीटर हवा मावते. तासाला १० ते १२ वेळा हवा बदलावी, हा रूढ हिशोब; म्हणजे २४० घनमीटर. खोक्यावरचा आकडा बहुधा पाइप न जोडता, सगळ्यात वरच्या स्पीडचा असतो, त्यामुळे पुष्कळ वजावट धरा. तरी ९०० तुम्हाला पुरतात. रुंदी मात्र कमी पडतेय. शेगडी ७५ ची असताना ६० ची चिमणी घेऊ नका, कडेच्या बर्नरचा धूर बाजूने निसटतो. साधीच घ्या, पण ९० ची.

———

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण महागडीच्या बाजूने एक सांगते: आवाज. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, आणि कर्कश चिमणी घरातली माणसं बंदच करून टाकतात. दुकानात दोन्ही चालू करून बघा. ऑटो क्लीनसाठी जास्त पैसे देऊ नका. आतलं तेल तापवून ट्रेमध्ये उतरवतं, इतकंच. जाळ्या आणि ट्रे आपल्यालाच धुवावे लागतात.

पाइपशिवाय, कोळशाच्या फिल्टरवर चालणारी कुणी सुचवली तर नको म्हणा. वाफ आणि उष्णता घरातच राहते.

आणि त्याच खोलीत गॅस गीझर आहे का? चिमणी हवा ओढते तेव्हा गीझरचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. हे गंभीर आहे, नक्की तपासा.

———

गीझर तिथे नाही. फडताळ हलवलं तर पाइप एका मीटरात सरळ बाहेर जातोय, मग तेच हलवते. ९० ची साधी बघते, आवाज ऐकूनच घेईन. उंची किती ठेवू?

———

गॅसच्या शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटीमीटर, पण त्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे असेल तेच अंतिम. स्वयंपाकाआधी पाच मिनिटं लावा, नंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी राहू द्या. बाहेर जाईल तेवढी हवा आतही यायला हवी.