कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर वसुदेव उभा करावा का?

घाटकरी
घाटाचं सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे फरशी, दिवे आणि एक कारंजं. शिल्प बसवलंच तर कुठल्याही बागेत खपेल असलं. घाटावर असं काही हवं, जे उचलून रंकाळ्यावर नेलं तर त्याला अर्थच उरणार नाही.

वसुदेव प्याला पाहिलाय ना? पितळी प्याला, मधोमध बाळकृष्णाला घेतलेला वसुदेव. पाणी ओतत जायचं. ते बाळाच्या पायाला टेकलं की आतल्या वाकड्या नळीतून सगळं खाली निघून जातं. तेच घाटावर करा. पायरीवर पाठमोरा वसुदेव, डोक्यावर टोपली आणि टोपलीतून बाहेर आलेला अंगठा बरोबर धोका पातळीवर. मे महिन्यात तो कोरड्या दगडावर उभा, जुलैत गळ्याइतक्या पाण्यात. अर्धं शिल्प आपण घडवायचं, उरलेलं नदी घडवेल.

चिखलीचा पाटील
भावा, कागदावर झकास हाय. पण प्याल्यातलं पाणी अंगठ्याला लागलं की उतरतंय, पंचगंगेचं चढतच राहतंय. धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला ५५ च्या वर गेलं. म्हणजे वसुदेव टोपलीसकट पाण्याखाली. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं तवा बोटीतनं बाहेर काढली. म्हशींची दावी कापून आम्ही निघालो. पुलावर पूर बघायला येणाऱ्यांना फोटो काढायला आणखी एक जागा, दुसरं काय?

घाटकरी
बुडू दे की. टोपली दिसेनाशी झाली म्हणजे निघायची वेळ कधीच टळली, हे आकड्यापेक्षा लवकर कळेल. आणि देवाला पुराचं वावडं आपल्याकडे कधी होतं? नृसिंहवाडीत उत्सवमूर्ती वर हलवतात, पादुकांवरून पाणी जाऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडतं आणि त्या स्नानाला लोक धावत जातात.

बावडेकर
एक तांत्रिक गोष्ट. ४३ फूट ही राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. घाट नदीच्या वरच्या अंगाला, तिथं लेव्हल नव्याने घ्यावी लागेल; अंदाजपंचे अंगठा लावून चालणार नाही. दुसरं, पात्रात काहीही उभं केलं की जलपर्णी, ओंडके, प्लास्टिक तिथंच अडकणार. पहिल्याच पुरात वसुदेवाच्या गळ्यात बाभळीची फांदी. तिसरं, निळी पूररेषा, म्हणजे सरकारने आखलेली पुराची हद्द. तिच्या आत नवं बांधकाम म्हणजे परवानगीसाठी चपला झिजवणं आलं. करायचंच तर काढता-घालता येणारं करा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, आपण पावसाळ्याआधी काढतोच की.

तिकटीवरचा
पुराचं शिल्प पावसाळ्यात काढून ठेवायचं! नाद खुळा.

मंगळवार पेठेतली
खरी अडचण कुणी बोलेना. देव उभा केला की तिसऱ्या दिवशी हळदकुंकू, महिन्याभरात पत्र्याचं छप्पर, वर्षात दानपेटी. गणपती नदीत न सोडता इराणी खणीकडे, म्हणजे जुन्या दगडखाणीतल्या पाण्याकडे, न्यायची सवय लावताना कार्यकर्त्यांच्या घशाला कोरड पडली. आता नदीतच देव बसवून निर्माल्याला नवा पत्ता द्यायचा?

वसुदेव नको, बाळ नको. काळ्या दगडाचा एक खांब आणि त्यावर दगडातच कोरलेली टोपली, वेताची वीण दिसेल अशी. आत काय ते बघणाऱ्याने ठरवावं.

जुना बुरूज
ताई, कल्पना चांगली, पण शेजारी स्मशानभूमी आहे. रक्षाविसर्जन करून त्याच पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला नदी ओलांडणं म्हटलं की यमुना नव्हे, वैतरणी आठवते. त्याच्यासमोर रिकामी टोपली? माझ्या मते घाट आहे तसा ठेवावा. पाण्यात उभी असलेली देवळं आहेतच तिथं, आणि ती दर पावसाळ्यात बुडतात. घाटकरींना जे हवं ते नदी कधीपासून करतेय.

घाटकरी
देवळं बुडतात हे खरं. पण पाणी किती आलं की काय करायचं, हे ती सांगत नाहीत. वैतरणीचं म्हणाल, तर दोन्ही अर्थ एकाच खांबात येत असतील तर मला तो दोष वाटत नाही. टोपली मान्य, वसुदेव सोडला.

चिखलीचा पाटील
टोपली बसवा न्हाईतर नुसता खांब. त्याच्यावर २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या खुणा कोरा, म्हणजे कोण विसरणार न्हाई. आणि तसाच एक खांब आधी चिखलीत लावा. तुमच्या पेठांत यायच्या आधी पाणी आमच्यात येतंय.