मदत हवी आहे: लायडारच्या स्ट्रिप जुळत नाहीत, वाशिष्ठीच्या खाडीत खोटा बांध उभा राहतोय

नमस्कार मंडळी,

चिपळूण ते दाभोळ, वाशिष्ठीच्या दोन्ही काठांचा विमानातून घेतलेला लायडार डेटा (लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंच्या) हातात आलाय. पुराच्या मॉडेलसाठी डीटीएम, म्हणजे झाडं-घरं वगळून नुसत्या जमिनीच्या उंचीचा नकाशा, करायचाय. २२ जुलै २०२१ नंतर चिपळूणकरांना पुराचं महत्त्व सांगायला नको, पण मी त्याआधीच अडकलोय.

१४ फ्लाइटलाइन (विमानाच्या फेऱ्या; एका फेरीत मोजलेला पट्टा म्हणजे स्ट्रिप), उंची सुमारे १००० मीटर, स्कॅनचा कोन ६० अंश, शेजारच्या स्ट्रिपचा ओव्हरलॅप ३० टक्के. एक जायची, एक यायची अशा उलटसुलट उडवल्यात. अपवाद ९ आणि १०, त्या दोन्ही एकाच दिशेने. क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट सोर्स आयडीवरून (बिंदू कोणत्या फेरीतला ते सांगणारा क्रमांक) रंग देऊन डांबरी रस्त्यावर आडवा छेद घेतला, तर एकाच रस्त्याचे दोन रस्ते दिसतात. ओव्हरलॅपच्या कडेला १२ सेमीपर्यंत फरक. ९-१० मध्ये तर सगळीकडे सारखाच २८ सेमी!

डोंगरात हे खपून गेलं असतं. खाडीकाठच्या खार जमिनीत १२ सेमी म्हणजे बांधच. डीटीएममध्ये सरळ रेघेत पायरी उमटते आणि मॉडेलमधलं पाणी तिथे अडून बसतं. साहेबांनी नकाशा बघून विचारलं, "हा बांध कोणी घातला?"

गोंधळ असा की, ९-१० सोडून बहुतेक जोड्यांचा सरासरी फरक जेमतेम १ सेमी येतो. मग पायरी येते कुठून? आणि १० नंबरची स्ट्रिप २८ सेमी खाली घेतली, तर ११ शी असलेली जोड उसवते. जाणकारांनी वाट दाखवावी.

प्रतिसाद १
जिओइड (उपग्रहावरून मोजलेली उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलायची दुरुस्ती) लावलाय ना? मागे आमची तीच चूक झाली होती.

धागाकर्ता
लावलाय. आपल्या किनाऱ्यावर तो फरक साठ मीटरहून जास्त आहे, सेंटिमीटरात नाही. शिवाय तो सगळ्या स्ट्रिपना सारखाच लागला असता.

प्रतिसाद २
सरासरीने फसवलंय तुम्हाला. छेदात दोन्ही रेघा ओव्हरलॅपच्या मध्यावर एकमेकींना छेदून फुलीसारख्या दिसतात का? एका कडेला लाल वर, दुसऱ्या कडेला निळी वर? तसं असेल तर हा रोलचा, म्हणजे आडव्या कलाचा, बोअरसाइट दोष. स्कॅनर आणि आयएमयू (विमानाचा कल मोजणारं यंत्र) यांच्यातला कोन किंचित चुकलाय, म्हणून प्रत्येक स्ट्रिप एका अंगाला कललीय. उलट दिशेच्या जोडीत दोन्ही स्ट्रिपची एकच बाजू, म्हणजे दोघींची उजवी किंवा दोघींची डावी, समोरासमोर येते. मध्यावर फरक शून्य, कडांना उलटसुलट, सरासरी गायब. एकाच दिशेच्या जोडीत मात्र एकीची उचललेली कड दुसरीच्या दबलेल्या कडेला भिडते, म्हणून सलग पायरी. ती वरखाली सरकवून मिटवायची नाही, नाहीतर चूक पुढच्या स्ट्रिपवर ढकलली जाते.

तुमचे आकडे ०.०२ अंशाच्या रोलशी बरोबर जुळतात: कडेला १२, एकदिश जोडीत २८. एवढासा कोन, पण नादीरपासून (विमानाच्या थेट खालच्या बिंदूपासून) ५७७ मीटरवर, म्हणजे स्ट्रिपच्या कडेला, २० सेमी.

उड्डाण करणाऱ्यांकडून ट्रॅजेक्टरी (विमानाच्या क्षणोक्षणीच्या जागेची आणि कलाची नोंद) मागा, नुसत्या बिंदूंच्या लास फायलींवर हे नीट होत नाही. मग टेरामॅचसारख्या साधनात आधी सगळ्या स्ट्रिपना मिळून एकच रोल काढा. पिच (पुढे-मागे झुकण्याचा कोन) आणि हेडिंग (दिशेचा कोन) यांसाठी उतार लागतो, त्याला आपली दुपाखी कौलारू घरं उत्तम. स्ट्रिपनिहाय उंची सगळ्यात शेवटी.

आणि तुलना कुठे करता ते बघा. खारफुटी, माडाच्या वाड्या, चिखलाचे भाग वगळा. दोन फेऱ्यांत तीन तासांचं अंतर असेल तर भरतीने पाणीच चढलेलं असतं, तो फरक स्ट्रिपचा नाही. सडा (कातळाचं पठार) सपाट म्हणून मोह होतो, पण पावसाळ्यानंतरच्या उड्डाणात त्यावर गुडघाभर गवत असतं. उघडा कातळ, डांबर, काँक्रीट एवढंच घ्या.

धागाकर्ता
फुलीच आहे! इतके दिवस मी रंग बघत होतो, आकार नाही. तुलनेत सड्यावरचं गवतही होतं, कारण उड्डाण ऑक्टोबरातलं.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)
ट्रॅजेक्टरी मिळवायला चार मेल आणि दोन फोन लागले. रोल ०.०१९ आला. फुल्या मिटल्या, ९-१० आपोआप २ सेमीवर आली. फक्त १३ नंबर सगळीकडे ५ सेमी खाली राहिलीय.

प्रतिसाद २
आडव्या छेदात कल नाही ना? लांबीच्या दिशेने लाटही नाही? मग तो त्या फेरीतल्या जीएनएसएस (उपग्रहांवरून मोजलेल्या) उंचीचा दोष. आता खुशाल ५ सेमी उचला, पण नुसतं शेजाऱ्यांवर विसंबून नको. त्या स्ट्रिपखाली काँक्रीटवर चार-पाच कंट्रोल पॉइंट (जमिनीवर अचूक मोजलेले बिंदू) घ्या.

धागाकर्ता
ती स्ट्रिप गोवळकोटच्या धक्क्यावरून जाते. उद्या सकाळीच रोव्हर (बिंदू मोजायचा जीएनएसएस रिसीव्हर) घेऊन निघतो.