मदत हवी आहे: शाळेच्या बागेत वाफा भाड्याने मिळालाय, पण ऐन हंगामात आम्ही भारतात

मंडळी, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलीच्या प्राथमिक शाळेच्या मागे, पार्किंग आणि सॉकरच्या मैदानाच्या मधल्या पट्ट्यात सामुदायिक बाग आहे. मुलांच्या वर्गांचे वाफे वेगळे, उरलेले पालकांना आणि आसपासच्या रहिवाशांना वर्षाच्या भाड्याने देतात. प्रतीक्षायादीत बरेच दिवस होतो, यंदा एकदाचा नंबर लागला. लाकडी चौकटीचा, ४ फूट रुंद ८ फूट लांब वाफा. भाडं ४५ डॉलर, वर ५० डॉलर अनामत. नोव्हेंबरात वाफा साफ करून दिला की अनामत परत.

कागदावर सही करताना नियम वाचले आणि जरा धास्तावले. शाळा सुरू असताना भाडेकरूंनी बागेत यायचं नाही, शाळा सुटल्यापासून सूर्यास्तापर्यंतच यायचं. कुठलंही औषध परस्पर फवारायचं नाही. शेजारच्या वाफ्यावर सावली पडता कामा नये. आणि मुख्य म्हणजे, वाफा दोन आठवडे तणाने भरलेला किंवा वाळलेला दिसला की आधी ताकीद, मग थेट यादीतल्या पुढच्या माणसाला.

आमची भारतवारी जूनअखेर ते ऑगस्टचा पहिला आठवडा. तिकिटं काढून झाली आहेत, लग्नाचं निमित्त आहे, बदलता येणार नाही. माझ्या मनातली यादी अशी: मेथी, भेंडी, दोडका, अळू, थोडी कोथिंबीर. नवऱ्याचं म्हणणं, टोमॅटोची चार रोपं लाव आणि मोकळी हो. पण टोमॅटो काय दुकानातही मिळतात हो, कोवळा दोडका कुठे मिळतो?

तर प्रश्न: (१) ही यादी या वेळापत्रकात बसते का? (२) महिनाभर पाण्याचं काय करायचं? (३) कीड पडली तर काय? अनुभवींनी सांगा.

खुरपं

ताई, अभिनंदन. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: तुमची यादी चुकीची नाही, क्रम चुकीचा आहे. आपल्याकडच्या भाज्यांचे दोन गट पाडा, थंडी मानवणाऱ्या आणि उकाडा मागणाऱ्या.

मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू हा पहिला गट. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. हलकं गोठलेलं दंव (फ्रॉस्ट) पडलं तरी यांना फारसं काही होत नाही. मेथीला वेगळं बी आणायची गरज नाही, इंडियन ग्रोसरीतले मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की मस्त उगवतात. धणेही तसेच, फक्त हलके रगडून दोन पाकळ्या करून पेरायचे. मेच्या मध्याला मेथीच्या जुड्या घरात येतील. जूनचा उकाडा लागला की ही मंडळी फुलोऱ्यावर येतात, म्हणजे तुम्ही जायच्या आधीच त्यांचं आयुष्य संपलेलं असेल. यांची दुसरी पेरणी ऑगस्टच्या शेवटी, तुम्ही परत आल्यावर. त्याच वेळी पांढरा मुळा टाका, तो इथे वसंतापेक्षा शरदात चांगला पोसतो.

भेंडीचा विचार मात्र यंदा सोडा असं मी म्हणेन. पेरायला मे-अखेर उजाडते कारण तिला गरम माती लागते, आणि तोडणीला येते नेमकी जुलैत. दिवसाआड तोडली नाही तर निबर होते, आणि निबर शेंगा झाडावर राहिल्या की नवीन धरणं मंदावतं. तुम्ही पुण्याला लग्नात आणि इथे भेंडीच्या काठ्या.

त्याऐवजी वाल लावा. हे मी मुद्दाम सांगतोय. वालाच्या बऱ्याचशा जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. जूनच्या सुरुवातीला लावलात तर जुलैभर तो नुसता वेल आणि पानं करतो, तोडायला काहीच नसतं. सप्टेंबरात जांभळी-पांढरी फुलं आणि मग शेंगा. तुमची गैरहजेरी त्याला कळणारसुद्धा नाही. धोका एकच, फार उशिरा येणारी जात घेतलीत तर ऑक्टोबरातलं पहिलं गोठलेलं दंव शेंगांच्या आधी पोचतं. तेव्हा लवकर येणारी जात शोधा. मांडव वाफ्याच्या उत्तरेच्या कडेला उभारा, तुमच्याच इतर भाजीवर सावली नको. आणि उत्तरेला दुसऱ्याचा वाफा असेल तर मांडव बुटका ठेवा, नाहीतर सावलीचा नियम आहेच.

एडिसनवाली

खुरपं यांना +१. पाण्याचं मी सांगते, कारण आमच्या बागेत दर जुलैत हाच गोंधळ असतो. शाळेला सुट्टी लागली की मुलांच्या वाफ्यांचं पाणी बघणारी शिक्षिका नाही, पालक फिरायला गेलेले, आणि ऊन असं की विचारू नका.

हिशेब साधा आहे. आठवड्याला एक इंच पाणी धरलं तर ३२ चौरस फुटांना साधारण २० गॅलन लागतं, म्हणजे ७५ लिटर. दोन गॅलनच्या झारीने दहा खेपा. आठवड्यातून दोनदा पाच-पाच खेपा कुणी मित्र म्हणून एकदा करेल, पाच आठवडे नाही करणार. त्यामुळे उपकार मागू नका, सौदा करा. बागेतल्याच दुसऱ्या भाडेकरूशी ठरवा: जुलैत तुम्ही माझं पाणी बघा आणि जे येईल ते तुमचं, ऑगस्टात तुम्ही सुट्टीवर गेलात की मी तुमचं बघते. इथली बरीच अमेरिकन कुटुंबं ऑगस्टातच समुद्रावर जातात, त्यामुळे जोडी जमते. आणि हे ठरलं की बागेच्या समितीला ईमेल टाकून ठेवा, कोण बघणार त्याच्या नावासकट. आमच्याकडे ताकीद अशा वाफ्यांना जाते ज्यांचा वाली कोण तेच समितीला माहीत नसतं.

जायच्या आधी मातीवर तीन इंच गव्हाचा पेंढा अंथरा. इंग्रजीत ज्याला ‘हे’ (hay) म्हणतात ते नाही, पेंढा (straw). ‘हे’ म्हणजे वाळवलेलं गवत, त्यात बिया असतात, परत याल तेव्हा कुरण झालेलं असेल. नळाला टायमर लावायची परवानगी बहुतेक मिळणार नाही कारण नळ सगळ्यांचा. मातीचं, बिनचकाकीचं मडकं मधोमध गळ्यापर्यंत पुरा आणि भरून झाकण ठेवा, पाणी हळूहळू झिरपत राहतं. एवढ्या वाफ्याला एक पुरणार नाही, पण खेपा कमी होतात.

नाशिककर

कीड पडली तर तंबाखूचं पाणी. आमचे आजोबा मळ्यात तेच मारायचे, मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) दोन दिवसांत साफ.

खुरपं

नाशिककर, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, शाळेच्या आवारात हे अजिबात नको. निकोटीन विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याच वाफ्यावर सकाळी दुसरीतली पोरं वाकून मुंग्या बघत असतात. शिवाय न्यू जर्सीत २००२ पासून शाळांसाठी कीड नियंत्रणाचा वेगळा कायदाच आहे. कमी जोखमीची सोडून इतर औषधं मारायची तर शाळेला पालकांना ७२ तास आधी कळवावं लागतं आणि फलक लावावे लागतात. भाडेकरूने घरून बाटली आणून फवारायचा प्रश्नच येत नाही. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी यांचंही आधी विचारूनच.

मावा असेल तर नळाच्या जोरदार पाण्याने पान उलटून धुवा. निम्मा-अधिक तेवढ्यानेच जातो. तुमची खरी कीड चार पायांची आहे. हरणं आणि ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला मोठा प्राणी). कुंपण आहे का, आणि त्याची जाळी जमिनीत फूटभर गाडली आहे का, ते बघून घ्या. ग्राउंडहॉग खालून बोगदा काढून येतो आणि घेवडा, वाल, रताळ्याचा पाला एका दुपारी साफ करतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! वालाची कल्पना तर डोक्यातही आली नव्हती. कुंपण आहे, जाळी गाडलेली आहे का ते शनिवारी बघते. भेंडी सोडली (जड मनाने). पण दोडक्याचा हट्ट काही सुटत नाहीये. ऑगस्टात परत आल्यावर तरी हाती लागेल का? आणि अळूबद्दल कुणीच काही बोललं नाही.

दुधीभोपळा

दोडक्याचं मी बोलतो, दरवर्षी लावतो. मे महिन्यात घरात कपात रोप करून मे-अखेरीस बाहेर लावलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात भरभरून येतो, म्हणजे वेळेत बसतो. अडचण वेगळीच आहे. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, दुधीची तर रात्रीच. पतंगांचं काम ते. तुमच्या बागेच्या दिव्यांमुळे म्हणा, कशामुळे म्हणा, पतंग कमी असले तर फळ पिवळं पडून गळतं, आणि मग आपल्याला हाताने नर फूल मादी फुलाला लावावं लागतं. मादी फूल ओळखायला सोपं, मागे बोटभर दोडका आधीच असतो. आता तुमची बाग सूर्यास्ताला बंद! ऑगस्टात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, दोडकी त्याच्या थोडी आधी उमलायला लागते, तेव्हा अर्धा तास हाताशी असतो. दुधीला मात्र हे जमणार नाही. समितीशी बोला, आठवड्यातून दोन दिवस पंधरा मिनिटं जास्त मागा, कारण सांगितलंत तर हसतील पण देतील.

सोपा उपाय हवा असेल तर घोसाळं लावा. तेही त्याच कुळातलं, पण फूल सकाळी उमलतं आणि मधमाश्या स्वतःच येतात. भजी दोन्हीची होतात.

एडिसनवाली

अळू शाळेच्या बागेत नकोच. पान कच्चं चावलं तर घसा खाजतो हे आपल्याला माहीत आहे, इथल्या सात वर्षांच्या पोराला नाही, आणि पान इतकं देखणं असतं की हात जाणारच. घरी कुंडीत लावा, अरवीचा कंद इंडियन ग्रोसरीतून आणून. वालाचेही सुकलेले दाणे कच्चे खायचे नसतात, तेव्हा शेंगा वेलीवर वाळू देऊ नका, कोवळ्या तोडा.

आणि एक गंमत. तुमच्या वाफ्यात न पेरता घोळ आणि चाकवत उगवेल, इथे दोन्ही तण म्हणून सर्रास उगवतात. आमच्या एका मैत्रिणीने चाकवत छान वाढवला ताकातल्या भाजीसाठी, आणि समितीने तण समजून ताकीद पाठवली. तिने उत्तरादाखल भाजीचा डबाच नेऊन दिला. पण तुम्ही भारतात असताना डबा कोण नेणार, तेव्हा जायच्या आधी सगळं खुडून खाऊन टाका. घोळ तोडताना देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तशीच दिसणारी दुसरी विषारी वनस्पती आहे.

धागाकर्ती

एडिसनवाली ताई, डब्याचं फारच आवडलं!

तर आता ठरलेलं असं. एप्रिलात मेथी, कोथिंबीर, शेपू. मे-अखेरीस घोसाळ्याची दोन रोपं (दोडका पुढच्या वर्षी, समितीची ओळख झाल्यावर). जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेला बुटक्या मांडवावर वाल. ऑगस्ट-अखेर पुन्हा मेथी आणि मुळा. शेजारच्या वाफ्यात एक कोरियन आजी असतात, त्यांना जुलैतल्या घोसाळ्यांच्या बदल्यात पाण्याचं विचारते. त्या ऑगस्टात कुठे जातात का माहीत नाही, नाहीतर त्यांना सप्टेंबरात मेथी देईन.

भारतातून बी आणायचा मोह होतोय, पण प्रमाणपत्राशिवाय बियाणं विमानतळावर काढून घेतात हे ठाऊक आहे. तेव्हा लवकर येणाऱ्या वालाचं इथेच धरलेलं बी कुणाकडे असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टपालखर्च मी देईन, आणि मेमध्ये मेथीची जुडी पक्की.

दुधीभोपळा

माझ्याकडे आहे, गेल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्याला शेंगा लागल्या होत्या. व्यनि केलाय. टपालखर्च नको, जुडी चालेल.