पीएचपीमध्ये सामायिक फाइली जोडताना सापेक्ष मार्ग पूर्णपणे बंद करावेत का?

अर्धविराम (धागाकर्ता)
शीर्षपट्टी, तळपट्टी, डेटाबेसची जोडणी आणि नेहमीची फंक्शने वेगळ्या फाइलींत ठेवून प्रत्येक पानाने ती मागवून घ्यावीत, याविषयी दुमत नसावे. माझा आक्षेप मार्ग लिहिण्याच्या पद्धतीला आहे. ‘../सामायिक/डीबी.पीएचपी’ असा सापेक्ष मार्ग लिहिला (‘../’ म्हणजे एक फोल्डर वर), तर पीएचपी ही सर्व्हरवर पाने तयार करणारी भाषा हा मार्ग ती ओळ ज्या फाइलीत आहे तिच्या फोल्डरपासून मोजत नाही. प्रक्रिया त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये उभी असेल तिथून मोजते. ब्राउझरमधून पान उघडले असता ते फोल्डर बहुधा मुख्य स्क्रिप्टचेच असल्याने सारे सुरळीत दिसते, पण तीच स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीने) चालवली, किंवा वेगळ्या फोल्डरातल्या पानाने तीच शीर्षपट्टी मागवली आणि शीर्षपट्टीने पुढे आणखी एक फाइल सापेक्ष मार्गाने मागितली, की फाइल सापडत नाही. ती ओळ ज्या फाइलीत आहे तिच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग देणारा ‘__डिर__’ हा स्थिरांक पीएचपीच्या 5.3 आवृत्तीपासून, म्हणजे 2009 पासून उपलब्ध आहे. माझे म्हणणे असे की प्रत्येक जोडणी ‘रिक्वायर_वन्स’ (फाइल एकदाच जोडणारी आणि ती न सापडल्यास तिथेच थांबणारी आज्ञा) आणि ‘__डिर__’ यांनीच व्हावी. ‘इन्क्लूड’ फाइल न सापडल्यास केवळ इशारा देऊन पुढे जाते. डेटाबेसच्या जोडणीवाचून पुढे जाण्यात काय अर्थ आहे?

रिकामाकंस
निदान पटते, औषध पटत नाही. ‘__डिर__’ नंतर तीन वेळा ‘/..’ लिहावे लागणार असेल, तर फाइल हलवताच ती ओळ मोडणारच. खरा दोष हा की प्रत्येक फाइलीला इतर फाइलींचा ठावठिकाणा पाठ असावा लागतो. पीएचपीची पॅकेजे सांभाळणारा कंपोजर 2012 मध्ये आला आणि क्लासच्या नावावरून त्याची फाइल कुठे असावी हे ठरवणारा पीएसआर-4 हा संकेत 2013 च्या अखेरीस मान्य झाला. तेव्हापासून ऑटोलोडची (फाइली आपोआप जोडण्याच्या सोयीची) एक ओळ पुरते आणि क्लास लागेल तेव्हाच त्याची फाइल वाचली जाते. हाताने जोडण्या लिहीत बसण्याचे आज प्रयोजन उरलेले नाही.

जुनासर्व्हर
रिकामाकंस यांच्याशी मी असहमत आहे. ऑटोलोड क्लास शोधतो. तळपट्टी हा क्लास नव्हे आणि सुटी फंक्शनेही नव्हेत. अशी फंक्शने कंपोजरच्या ‘फाइल्स’ यादीत टाकता येतात, परंतु त्या यादीतल्या सगळ्या फाइली प्रत्येक विनंतीला वाचल्या जातात, म्हणजे ‘लागेल तेव्हाच’ हा लाभ तिथे संपतो. शिवाय पीएसआर-4 मध्ये क्लासची फाइल दुसऱ्या फोल्डरात नेली की तिचा नेमस्पेस (क्लासच्या नावाआधीचा गटदर्शक भाग) बदलतो आणि तो वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीत दुरुस्ती करावी लागते, तेव्हा हलवण्याचा खर्च वाचला असे कसे म्हणावे? मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपीमध्ये (पीएचपीसारख्याच सर्व्हरवरच्या तंत्रात) जोडणीसाठी ‘फाइल’ आणि ‘व्हर्च्युअल’ असे दोन प्रकार असत, आणि ‘व्हर्च्युअल’ मार्ग थेट संकेतस्थळाच्या मुळापासून मोजला जाई. (तिथे जोडणी स्क्रिप्ट चालण्यापूर्वीच होत असल्याने मार्गात चल वापरता येत नसे, ही मात्र कटकट होती.) पीएचपीतही मुळाचा मार्ग एका स्थिरांकात एकदाच ठरवून सर्वत्र तोच वापरता येतो. पंधरा पानांच्या संकेतस्थळाला त्यापलीकडे कशाची गरज आहे, हे मला दिसत नाही.

फुलीगोळा
धागाकर्त्यांनी ‘वन्स’ (‘रिक्वायर_वन्स’मधले ‘एकदाच’) सरसकट सांगितले आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे. बातमीच्या चौकटीचा साचा लूपमध्ये ‘रिक्वायर_वन्स’ने जोडला, तर पहिली चौकट उमटते आणि बाकीच्या गायब होतात. त्याहून घातक प्रकार सेटिंगच्या फाइलीचा आहे: ती फाइल ‘रिटर्न’ने ॲरे परत देते, पण दुसऱ्यांदा ‘वन्स’ने मागितल्यास ॲरेऐवजी नुसते ‘ट्रू’ हाती येते, आणि चूक तिथे न दिसता भलत्याच ओळीवर प्रकट होते.

अर्धविराम
हा आक्षेप साच्यांना आणि सेटिंगला लागू आहे, फंक्शनांच्या फाइलीला नाही. तिथून ‘वन्स’ काढले, तर ती फाइल दोन वाटांनी जोडली जाताच फंक्शन पुन्हा घोषित झाल्याची घातक त्रुटी येते. सापेक्ष मार्गांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, आणि त्यांची बाजू इथे अजून कोणीही घेतलेली नाही.

रिकामाकंस
सर्व विनंत्या एकाच प्रवेश-स्क्रिप्टमधून नेल्या, तर फंक्शनांची फाइल एकाच जागी एकदाच जोडली जाईल आणि ‘वन्स’चा वादच मिटेल.

जुनासर्व्हर
ते मान्य, परंतु तसे करताना पत्त्यातले पानाचे नाव उचलून थेट ‘रिक्वायर’च्या हाती देणारी संकेतस्थळे अजूनही आढळतात. परक्या सर्व्हरवरची फाइल जोडण्याची सोय 5.2 पासून मूळ सेटिंगमध्येच बंद असते, तरी ‘../’ लिहून याच सर्व्हरवरच्या नको त्या फाइलीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याने बंद होत नाही. म्हणून पानांच्या नावांची ठरलेली यादी ठेवावी, आणि यादीबाहेरचे नाव आले की 404 (‘पान सापडले नाही’) हे उत्तर द्यावे.