कोन फिल्टर लावण्याआधी दाब मोजा

घाटरस्ता

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, काढून उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. आपल्याकडच्या उन्हात तर त्यानं ताकद कमी व्हायचीच शक्यता जास्त. अ‍ॅक्सेसरीवाले 'इंजिन मोकळं होतं' एवढंच सांगतात. किती मोकळं, हे कुणी मोजून दाखवत नाही.

मोजायला फार काही लागत नाही. एक पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचं. एक टोक फिल्टरच्या पुढे, पण थ्रॉटल बॉडीच्या (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे जोडायचं आणि दुसरं मोकळं ठेवायचं. नळीचे हात भरपूर उंच हवेत, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. मग मोकळ्या रस्त्यावर एकानं गाडी चालवायची, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून वरच्या आरपीएमला न्यायची आणि शेजारी बसलेल्यानं दोन्ही हातांतल्या पाण्याच्या पातळीचा फरक वाचायचा.

आता हिशेब. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण १०.३ मीटर पाण्याचा स्तंभ. तुमच्या नळीत फरक २५ सेंटिमीटर आला, तर फिल्टर, डबा आणि पाइप मिळून सुमारे अडीच टक्के दाब खातात. हा सगळा अडथळा जादूनं शून्य झाला तरी फायदा तेवढाच, म्हणजे ८५ पीएसच्या (साधारण तेवढ्याच अश्वशक्तीच्या) गाडीत दोन पीएस. कोन फिल्टरनं अडथळा शून्य होत नाही, त्यामुळे हातात येईल ते त्याहूनही कमी.

उष्णतेचं गणित याच्या उलट बाजूला आहे. कंपनीचा स्नॉर्कल (डब्यात हवा आणणारा पाइप) हवा घेतो हेडलाइटच्या मागून किंवा जाळीच्या तोंडातून. उघडा कोन बॉनेटखालची हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ट्रॅफिकमध्ये ६० अंश असेल, तर हवेची घनता साडेसात टक्क्यांनी पडते. अडीच टक्के वाचवायला साडेसात टक्के घालवायचे? शिवाय आत येणारी हवा तापली की नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ठिणगी उशिरा पाडतो, तो तोटा आणखी वेगळा.

नादखुळा_०९

दादा, गणित बरोबर असंल, पण मी कोन लावल्यावर फरक जाणवतोय तो काय खोटा? तिसऱ्या गिअरला दाबली की गाडी अशी उचलती! आणि मायलेजपण वाढतं म्हणत्यात सगळे.

घाटरस्ता

जाणवतो तो आवाज. कंपनीच्या पाइपला बाजूनं एक बंद डबा जोडलेला असतो, त्याला रेझोनेटर म्हणतात. हवा आत जातानाची घरघर तो दाबतो. तो काढला की इंजिनाचा आवाज थेट केबिनमध्ये येतो आणि गाडी जोरात उचलल्यासारखी वाटते. आवाज आवडत असेल तर त्यासाठी खर्च करा, माझं काही म्हणणं नाही. पण काटा बघून ठरवायचं असेल, तर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते दोन्ही फिल्टरवर मोजा.

मायलेजचं तर कारणच सापडत नाही. पेट्रोल गाडी ७० नं चालताना थ्रॉटल तुम्हीच अर्धवट बंद ठेवलेलं असतं. हवेला सगळ्यात मोठा अडथळा तोच. फिल्टर मोकळा केला तर त्याच वेगासाठी तुमचा पाय किंचित वर येईल, एवढंच. आणि जेवढी हवा आत जाते, तेवढंच पेट्रोल ईसीयू सोडतो.

टॉर्कवेडी

घाटरस्ता, तुमचं गणित स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीपुरतं मान्य. पण सरसकट 'पैसे वाया' म्हणालात, तिथे माझा ठाम विरोध आहे. मी ऑटोक्रॉस (गाड्यांची वेळेविरुद्धची शर्यत) करते. माझ्या गाडीचा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदललेला आहे, एक्झॉस्ट मोकळं आहे, ईसीयूचं मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे) नव्यानं केलेलं, म्हणजे रीमॅप, आहे. अशा गाडीत दाबाचा तोटा हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवा २० टक्के जास्त ओढली की तोटा ४४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुमच्या नळीतले २५ सेंटिमीटर ३६ होतात. कंपनीनं इनटेक (इंजिनात हवा नेणारा सगळा मार्ग) बनवला तो कंपनीच्या ताकदीपुरता. ताकद वाढवलीत की तो आखूड पडणारच.

टर्बो गाड्या तर तुम्ही बाजूलाच ठेवल्यात. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी दाब पडला की तोच बूस्ट (इंजिनात भरायच्या हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं आणि बाहेर पडणारी हवा जास्त तापते. रीमॅप केलेल्या टर्बो गाडीत हा तोटा चांगलाच लागतो.

घाटरस्ता

ताई, रीमॅप केलेल्या टर्बोबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण स्टॉक टर्बोत ईसीयूला ठरलेला बूस्ट हवा असतो. टर्बो थोडा जास्त फिरून तो गाठतोच. त्यामुळे नुसता कोन लावून पीएस वाढत नाहीत. दुकानात येणाऱ्या बहुतेक गाड्या स्टॉकच असतात, हे तुम्हीही मान्य कराल. आणि तुमच्या गाडीत कोन उघडा आहे की डब्यात?

टॉर्कवेडी

डब्यात! उघडा कोन मीही लावणार नाही. फिल्टर मोठा, भोवती बंद डबा आणि बंपरच्या जाळीतून थंड हवेचा पाइप. म्हणूनच म्हणते, इनटेक बदलणं वेगळं आणि उघडा कोन खोचणं वेगळं. तुमचा धागा पहिल्यालाही झोडपतोय.

सांगलीचा फिटर

दोघंही ताकदीवर भांडताय, धुळीचं कुणी बोलंना. आमच्याकडं गाड्या येतात त्या क्रशरच्या रस्त्यावरनं, ऊसतोडीच्या हंगामात शेतातल्या वाटंनं. बाजारातला स्वस्त कोन हातात धरून उन्हाकडं बघा, जाळीतनं उजेड आरपार दिसतो. जिथनं उजेड येतो तिथनं बारीक माती येणारच. ही माती म्हणजे सिलिका, सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना घासती. काही महिन्यांनी गाडी ऑइल खायला लागली की मग आमच्याकडं येतात.

आणखी एक. तेल लावायच्या कापडी फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त झालं, तर ते मॅफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) गरम तारेवर जाऊन बसतं. मग हवेचं माप चुकतं, गाडी झटके देती, आयडलिंग बिघडतं. तेल मापातच लावा आणि ते फिल्टरमध्ये पूर्ण मुरू द्या, मग बसवा.

वसईकर

पावसाळ्याचं मी सांगतो. 'कोल्ड एअर'च्या नावाखाली फिल्टर बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, चाकाशेजारी उतरवतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा सोडा, दर वर्षी सबवेत गुडघाभर पाणी भरतंच. एवढ्या खालचा फिल्टर पाण्यात गेला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. आणि फिल्टरची जागा बदललेली दिसली की तिथेही वाद सुरू होतो.

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टॉर्कवेडी, स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून नेत असाल तर उत्तम.

टॉर्कवेडी

ट्रेलरवरूनच नेते. पण रस्त्यावरच्या गाडीला इनटेकमध्ये काहीच करू नका, हे मला अजूनही पटत नाही. कंपनीच्याच डब्यात बसणारा चांगल्या प्रतीचा फिल्टर घाला, रेझोनेटर ठेवा, स्नॉर्कलच्या जोडांना फट असेल तर ती बुजवा. गरम हवा तिथूनच शिरते.

नादखुळा_०९

मग आता मी नक्की काय करू? कोन तर लावून बसलोय. तुमचा तो पाण्याच्या नळीचा मॅनोमीटर बांधायचा म्हटलं तर जोडायचा कुठं?

घाटरस्ता

भावा, तुझ्या गाडीत मॅप सेन्सर (थ्रॉटलच्या पुढचा हवेचा दाब मोजणारा) असेल तर नळीचीही गरज नाही. ओबीडीत (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथ डोंगल लाव, आकडे फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसतील. इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅपचा आकडा बघ, तो बाहेरचा दाब. मग तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून, ५५०० च्या वर आकडा बघ. दोन्हींतला फरक म्हणजे फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा एकूण तोटा. इनटेकच्या तापमानाचा आकडाही त्याच अ‍ॅपमध्ये दिसतो. तो सिग्नलला उभा असताना आणि चालू रस्त्यावर, दोन्ही वेळा टिपून घे. कंपनीचा डबा टाकून दिला नसशील ना? तो परत बसवून पुन्हा मोज आणि दोन्ही वेळचे सगळे आकडे इथे टाक.

सांगलीचा फिटर

आणि डबा बसवताना खालची रबरी सील बघ. ती वाकडी बसली तर फिल्टर नवा असूनही धूळ बाजूनं आत जाती. पाइपचा क्लॅम्प हातानं हलवून बघ, सैल असंल तर बदल.